ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो? ट्रोम्सोला तासाभराचा गॅप पुरेल का?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोपासून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनपर्यंत अंतर साधारण 957 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. थेट विमान पावणेदोन तासांच्या आत पोचवतं. नकाशावर केवढं लांब दिसतं ते बघू नका, भिंतीवरच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणलेला असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच.

पण तुम्ही व्हिसाबद्दल काहीच विचारलं नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आम्ही जूनमध्ये चौघं गेलो होतो: मी, हे, भाऊजी आणि जाऊबाई. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या बाहेर. तिथे जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं आणि परत येणं म्हणजे नव्याने आत शिरणं. म्हणून आपल्याला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. हे मी पुण्यात असताना तीनदा सांगितलं. भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "अगं, स्वालबार्डला जगात कोणालाच व्हिसा लागत नाही. 1920 चा करार आहे. आपलं, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून तिथेच आहे." सगळं खरं! पण घरी परत ओस्लोवरूनच यायचंय ना? ते काही हिमाद्रीत मुक्कामाला जाणार नव्हते. आमचे दोघांचे फॉर्म मी भरले. त्यांचे त्यांच्या एजंटने भरले, एकदाच्या प्रवेशाचे.

ट्रोम्सोला सगळ्यांना विमानातून उतरवून पासपोर्ट तपासतात. काचेमागच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "परत कसे येणार?" भाऊजींनी करार सांगायला सुरुवात केली. त्या ऐकत राहिल्या, मग व्हिसावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मागे रांग. जाऊबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनीच ध्रुवीय अस्वलाचं चित्र असलेले मोजे आणले होते चौघांना.

ते दोघं तीन दिवस ट्रोम्सोत राहिले, आम्ही गेलो. भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात की ती बाई खडूस होती. खडूस नव्हती. तिने न बोलता सोडलं असतं तर परतीच्या वेळी काय झालं असतं, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

तर आधी पासपोर्ट उघडा, व्हिसावर 1 आहे की 2 ते बघा. 1 असेल तर तिकीट काढू नका.

गॅपचं म्हणाल तर, ओस्लोपासून एकच तिकीट असेल तर तासभर चालतो. वेगवेगळी तिकिटं असतील तर नाही, सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागतं. ओस्लोहून थेट विमानंही असतात, तेव्हा ही तपासणी ओस्लोलाच होते. आणि उन्हाळ्यात तिकडे धुकं उतरतं, विमान उशिरा निघू शकतं. परतीच्या दिवशीच मुंबईचं विमान ठेवू नका. मी एकदाच गेलेय, तेव्हा नियम आणि वेळापत्रक निघण्याआधी तपासून घ्या.