शंकेला पान नंबर लाव

बेटा,

तुझा मेल वाचला. पहिल्या ओळीत कादंबरी संपली म्हणतेस आणि बाकी सगळा मेल ती खरंच संपली का, कुणाला दाखवू का, अजून वर्षभर ठेवू का, की सरळ पुण्याच्या प्रकाशकाला पाठवून देऊ यातच गेला, आणि खाली परत 'तुम्हीच सांगा'. सांगते. पण 'माझी कादंबरी चांगली आहे का' याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते मिळूनही तुला त्याचं काही करता येणार नाही, मी हो म्हटलं तरी तू रात्री परत उठून बसशील. त्यापेक्षा पान ८४ वर मुलगी बापाशी भांडते ते भांडण खोटं वाटतं का असं विचार, त्याच्यावर आपण दोघी बसून काम करू शकतो.

म्हणून आधी सगळ्याची प्रिंट काढ, नागपुरात बर्डीवर कुठेही स्पायरल करून मिळेल. लॅपटॉपवर वाचू नको, तिथे हात लगेच दुरुस्त्या करायला लागतो आणि वाचणं राहून जातं. पेन्सिल घेऊन बस, जिथे खटकेल तिथे खूण कर आणि बाजूला एक ओळ लिही, काय खटकलं ती. दुरुस्त काहीच करायचं नाही, पूर्ण वाचून होईपर्यंत. आत्ता तुला अख्ख्या पुस्तकाची भीती वाटून राहिली आहे ना, ती चार-चार पुस्तकं आलेल्या लोकांनाही वाटते, मी त्यांच्या हस्तलिखितांवर काम केलंय म्हणून सांगते. ती जात नाही. पान नंबर लावलेली शंका मात्र जाते.

तू पाठवलेल्या तीन प्रकरणांतलंच घे. दुसऱ्या प्रकरणात काटोलच्या संत्र्याच्या बागेतला आंबिया बहार व्यापारी मे महिन्यात तोडतो, ट्रक कळमन्याच्या बाजारात जातो, पैसा येतो आणि त्या पैशावर ताईचं लग्न ठरतं. अगं, आंबियाचं फूल जानेवारी-फेब्रुवारीतलं, फळ तोडणीला येतं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. दुसरा बहार मृगाचा, त्याचं फूल जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात तोडायला झाडावर आहे काय? काटोल-नरखेडचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल आणि पुढे तू कितीही खरं लिहिलंस तरी त्याला पटणार नाही. आता तू म्हणशील महिना बदलते, झालं. नाही ना! मे तसाच राहू दे आणि मे महिन्यात बागेत खरंच काय असतं ते लिही. मृग धरायचा म्हणून काही झाडांचं पाणी तोडून ताण दिलेला, आंबियाची बारकी फळं उन्हानं गळून राहिली, विहिरीनं तळ गाठलेला आणि लग्न डोक्यावर. बापाच्या हातात पैसा नाही, नुसता अंदाज आहे, आणि त्या अंदाजावर तो व्यापाऱ्याकडून विसार घेतो. आता मुलगी बापाशी का भांडते ते आपोआप कळतं की नाही? पान ८४ चं भांडण तुला खोटं वाटत होतं त्याचं मूळ दुसऱ्या प्रकरणात होतं, आणि तू वर्षभर ८४ व्या पानावरचे संवादच बदलत बसली असतीस.

दुसरं, वऱ्हाडी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही म्हणून तू आजीचे संवाद अर्धे प्रमाण भाषेत केलेत, ते परत जसे होते तसे कर. वाचक अडत नाही बाप्पा, दोन पानांत त्याच्या कानाला सवय होते. अडतो तो एकच शब्द एका पानावर 'रायला' आणि दुसऱ्यावर 'राह्यला' दिसला की. म्हणून बोलीतल्या शब्दांची यादी करून ठेव, प्रत्येकाचं एकच लेखन, आणि पुढे पुस्तक छपाईला गेलं तर ती यादी प्रूफ बघणाऱ्याच्या हातात दे, नाही तर तो मोठ्या प्रेमानं सगळं 'शुद्ध' करून ठेवेल.

मग एका माणसाला वाचायला दे. मैत्रिणींच्या ग्रुपवर नको, घरी तर नकोच. नेहमी कादंबऱ्या वाचणारा माणूस शोध, विदर्भ साहित्य संघातल्या कार्यक्रमांना मागच्या खुर्च्यांवर असे वाचक बसलेले असतात. त्याला मत विचारू नको, कुठे वाचताना थांबावंसं वाटलं तेवढंच मागून घे. त्याच्या खुणा आणि तुझ्या खुणा एकाच पानावर पडल्या तर तिथे काम आहे. बाकीचं तू ठरव.

खुणा केलेल्या जागांचं काम संपलं की पाठवायचं, परत पहिल्यापासून घासत बसायचं नाही. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला वयाची ३५ ची मर्यादा आहे म्हणून घाई करतेस, ते डोक्यातून काढ, तुला भरपूर वेळ आहे. प्रकाशकाला आधी पत्र, एका पानात कथानक (शेवटासकट, प्रकाशकापासून शेवट लपवायचा नसतो) आणि पहिली काही प्रकरणं. फाइल युनिकोडमध्ये ठेव, सोबत पीडीएफ दे, कारण बऱ्याच ठिकाणी डीटीपी अजून जुन्या फॉन्टवर चालतं आणि कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं तुटतात. एखादं प्रकरण स्वतंत्र उभं राहत असेल तर पावसाळ्याआधीच दिवाळी अंकांना विचार. आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच, तिची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेव. पैसे भरून पुस्तक आधीच काढलंस तर हा दरवाजा बंद होतो.

पैसे भरण्याचं म्हणशील तर तुला 'इतक्या प्रती तुम्ही विकत घ्या, आम्ही छापतो' असे फोन येतील. कादंबरी वाचायच्या आधी आकडा सांगणाऱ्याला नाही म्हण. त्याला पुस्तकाशी देणंघेणं नाही, आणि तुझी ही कादंबरी कुणाच्या तरी गोडाउनमध्ये गठ्ठ्यात पडलेली मला बघवणार नाही.

होकाराला महिने लागतील, कधी उत्तरच येणार नाही, त्यात तुझ्या लिखाणाबद्दल काही शोधत बसू नको. आलाच होकार तर करार लेखी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात 'कायमस्वरूपी' शब्द आहे का ते बघ, आणि ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, सिनेमा हे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत गुंडाळले आहेत का तेही. नवीन लेखक आनंदात हे वाचतच नाहीत. कुणी पाठवलाच तर सही करायच्या आधी मला फोटो टाक, रात्री कितीही वाजले तरी चालेल. आणि प्रिंट झाली की दुसरं प्रकरण घेऊन ये, तोपर्यंत काटोलला मामाकडे जाऊन या वर्षी ताण कधी दिला ते विचारून ठेव.