ॲसिड हाऊस हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार नेमका कोणत्या रेकॉर्डपासून सुरू झाला?
माझ्या मते शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाच्या पहिल्याच रेकॉर्डपासून: 'ॲसिड ट्रॅक्स', १९८७, ट्रॅक्स रेकॉर्ड्स ही कंपनी. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे यांच्या हाती रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे सिंथेसायझर लागलं. बेस गिटारची साथ म्हणून बनवलेलं हे यंत्र बाजारात सपशेल आपटलं होतं. सूर चालू असतानाच त्यांनी त्याची बटणं फिरवली आणि तो चिरका, वळवळणारा आवाज निघाला. अकरा मिनिटांहून जास्त वेळ जवळपास तेवढंच चालतं, तरी कंटाळा येत नाही! रेकॉर्ड निघण्याआधीच डीजे रॉन हार्डी ती 'म्युझिक बॉक्स' क्लबात टेपवरून वाजवायचा.

मुंबईचे संगीतकार चरणजीत सिंग यांनी हेच यंत्र १९८२ मध्ये रागांसाठी वापरलं होतं. तेही जरूर ऐका.