गुरू नानकांचं नाणं घेताय?

सुरुवात २०१९च्या ५५० रुपयांच्या नाण्यापासून करा. गुरू नानकदेवांच्या ५५०व्या प्रकाशपर्वाचं, म्हणजे जयंतीचं, हे स्मारक नाणं. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. मागच्या बाजूला पंजाबातल्या सुलतानपूर लोधीचा बेर साहिब गुरुद्वारा आहे. भिंग लावून त्याचे घुमट निवांत बघा, मन भरत नाही! पुढे गुरू गोविंदसिंगांचं ३५० रुपयांचं घ्या, त्यावर पाटण्याचा पाटणा साहिब गुरुद्वारा आहे.

ही नाणी चलनात येत नाहीत, टांकसाळीकडून संच म्हणूनच विकली जातात. त्यामुळे मूळ खोका नसलेलं नाणं स्वस्तात मिळालं, तरी ते नकली नाही ना हे बघायला आधी वजन करा. आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका, मी एक असंच कायमचं घालवलंय. कडेनेच धरा.