टॉम ब्रॅडीसारखा स्वतःवर विश्वास ठेवला तर सामान्य माणसालाही जमतं का?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणताय आणि काडीचा फरक नाही. पडणारही नाही. आरसा दाढीसाठी ठेवा.

ब्रॅडी म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला दिग्गज. २८-३ असं मागे असताना फिरवलेली मॅच, जिंकलेले सात सुपर बोल (तिथल्या हंगामाची अंतिम लढत) हे सगळे सांगतात, मी सांगत बसत नाही. मला त्याची एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती मिशिगन विद्यापीठातली. तिथे तो क्वार्टरबॅकच्या (पास टाकून संघाची चढाई चालवणाऱ्याच्या) रांगेत पार मागे होता, सरावात त्याच्या वाट्याला दोनच प्ले, म्हणजे दोनच चाली यायच्या. कुरकुरत तो ग्रेग हार्डन नावाच्या समुपदेशकाकडे गेला. हार्डनचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन मिळतात ना, मग ते दोन चोख कर. दोनाचे चार झाले, मग पुढचं सगळं.

हे मी नाईट शिफ्टला वाचलं. आमचा क्लायंट बोस्टनचा, त्यामुळे सोमवारच्या कॉलवर पहिली दहा मिनिटं पेट्रियट्सच, म्हणजे ब्रॅडी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं खेळला तो तिथला संघ. पुढ्यातला डबा तसाच राहिला, कारण अगदी हाच सल्ला मला १९९८ साली मिळाला होता. फुकट.

गावच्या क्लबात मी दोन नंबरचा कीपर. एक नंबरचा सेक्रेटरीचा पुतण्या (हे आधीच सांगून टाकतो, निम्मं आयुष्य मी हेच सांगण्यात घालवलंय). तासभर तो कीपिंग करायचा आणि मी नेटमागे चेंडू गोळा करायचो. साडेसहाला, चेंडू दिसेनासा झाला की सर हाक मारायचे. दहा चेंडू. ग्लोव्हज क्लबचेच, त्याने नुकतेच काढून दिलेले. आतून घामाने चिंब, तळव्यावरचं दाणेदार रबर झिजून गुळगुळीत. ते ओले ग्लोव्हज हातात चढवताना जी शिसारी यायची ती अजून आठवते. दहातले चार सुटायचे. मी म्हणायचो, सर, उजेड नाही. सर म्हणायचे, “दहा नीट धर, अकरावा मी देतो.”

दोन महिन्यांनी जाणंच बंद केलं. घरी सांगितलं, तिथे राजकारण आहे. आईला पटलं. दादा म्हणाला, नशीब लागतं बाबा.

आणि जानेवारीत, जिल्ह्याच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी, पुतण्याचं बोट मोडलं. सरांनी सायकलवरून एक पोरगा पाठवला. मी घरात होतो, धडधाकट. पण किती दिवसांत ग्लोव्हज घातले नव्हते, स्टंपला चिकटून उभं राहायची भीती वाटली. ताप आहे म्हणून सांगितलं आणि खरोखरच पांघरूण घेऊन पडलो.

दादाचं अजून तेच चालू असतं. ब्रॅडीचा विषय निघाला की म्हणतो, पेट्रियट्सचा एक नंबरचा क्वार्टरबॅक ब्लेडसो जखमी झाला म्हणून हा हिरो. बरोबर आहे. २३ सप्टेंबर २००१ ला जेट्स संघाच्या मो लुईसने ड्रू ब्लेडसोला साइडलाइनजवळ असा ठोकला की छातीत रक्तस्राव झाला. २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १९९ व्या नंबरला उचललेल्या, पहिल्या हंगामात सगळे मिळून तीन पास टाकलेल्या पोराला मैदान मिळालं. नशीब म्हणा की. पण दादा तिथेच थांबतो, पुढचं सांगत नाही. ब्लेडसो बरा झाला तरी त्याला जागा परत मिळाली नाही. १० कोटी डॉलरच्या वरचा करार असलेला माणूस बाकावर बसून राहिला. जानेवारी २००२ मध्ये पिट्सबर्गला ब्रॅडीचा घोटा दुखावला, तेव्हा हाच ब्लेडसो आत आला, टचडाऊनचा, म्हणजे गुण मिळवून देणारा पास टाकला, संघ सुपर बोलला पोचवला. तिथे पुन्हा ब्रॅडी खेळला आणि रॅम्स संघाला २०-१७ हरवलं. ब्लेडसोला काय मिळालं? पुढच्या हंगामाआधी बफेलोच्या संघाकडे पाठवणी. मला विचाराल तर शिकण्यासारखा माणूस तो आहे. पुतण्याला शिव्या घालत तो घरी बसला नाही.

आत्मविश्वासाचं म्हणाल, तर नव्याने आलेला ब्रॅडी पिझ्झाचा खोका काखेत घेऊन जिन्यात संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्टना भेटला आणि मला घेतलंत हा तुमचा सर्वोत्तम निर्णय, अशा अर्थाचं बोलला, हा किस्सा क्राफ्ट स्वतः सांगतात. जिंकला म्हणून तो आत्मविश्वास. नसता जिंकला तर त्याच वाक्याला आपण माज म्हटलं असतं.

आता, ब्रॅडी काही संत नाही. चेंडूंतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात २०१६ साली चार सामने बाहेर बसलाय, आणि डोक्यावर बेलिचिकसारखा कोच होता. शिवाय दहाही चेंडू धरले असते आणि बोट मोडलंच नसतं, तर मी बारावा गडीच राहिलो असतो, हेही खरं.

तुम्ही कसली तयारी करताय ते लिहिलेलं नाही, म्हणून नेमकं काय सांगू? तुमचे दहा चेंडू कुठले ते तुम्हीच बघा.

हे उत्तर दादाला पाठवणार आहे. ऐन मॅचला ह्याला ताप आला, नशीबच नव्हतं, असं तो पाहुण्यांना सांगत असतो.