कालव्याकाठचे ऐंशी किलोमीटर

प्रश्न : ताई, नवरा आणि मी जूनमध्ये फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या काठाने सायकलने जाणार आहोत. तुलूझपासून समुद्राकाठच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी आम्ही डांबरी रस्त्यावर ऐंशी किलोमीटर आरामात करतो, म्हणून तीन दिवस धरलेत. कालवा म्हणजे सपाटच, मग जमेल ना? सायकली भाड्याने घेऊ. रोडबाइक घ्यावी की हायब्रीड?

उत्तर : जमेल, पण कशाला? तीनाचे पाच करा.

चढ नाहीत हे खरं, पण तिथे वेळ खातो तो रस्त्याचा पृष्ठभाग. तुलूझमधून निघाल्यावर साधारण पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबरी सायकलमार्ग आहे. तिथे तुम्हाला वाटेल, तीन दिवसही जास्तच झाले. पुढे मार्गाचा नूर पालटतो. कुठे चांगली दाबलेली बारीक खडी, कुठे गवतातून गेलेली जेमतेम एका चाकाची पायवाट, आणि कुठे मुळंच मुळं. काठाने चिनाराच्या कुळातली उंच प्लेन झाडं आहेत, त्यांची मुळं वाटेवर आडवी येतात. सामान लादलेल्या सायकलवर डांबरी रस्त्याला ताशी सोळा-सतरा किलोमीटर पडत असतील, तर मुळांवर दहा-अकरा पडले तरी खूप. ऐंशी किलोमीटर म्हणजे मग सात तासांहून जास्त वेळ नुसतं खोगिरावर. त्यात थांबणं, पाणी, फोटो, पंक्चर काहीच धरलेलं नाही.

आणखी एक. ही वाट काही सायकलसाठी केलेली नाही, बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली आहे. कालवाही सरळ जात नाही. पाण्याची पातळी राखायची म्हणून तो जमिनीच्या समान उंचीची रेषा धरून वळसे घेतो. वाटेतल्या बेझिये शहराच्या अलीकडे तर सुमारे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, म्हणजे पाणी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजेच नाहीत. सतराव्या शतकातल्या लोकांनी हे साधलं ते वळणांच्या जोरावर. चालवणाऱ्याला त्याचा अर्थ असा, की समोर दिसणारं चर्चचं टोक अर्ध्या तासाने डाव्या हाताला दिसतं आणि आणखी थोड्या वेळाने पाठीमागून. चिडायचं नाही. फारच कंटाळा आला तर द्राक्षमळ्यांमधला गावरस्ता धरायचा आणि पुढच्या पुलावर पुन्हा कालव्याला लागायचं.

सावलीच्या भरवशावर राहू नका. २००६पासून या झाडांना एका बुरशीचा रोग लागला आहे, त्यामुळे हजारो झाडं तोडावी लागली. नवी लावली आहेत, पण ती अजून लहान. जुन्या फोटोंतला हिरवा बोगदा आता सलग नाही. सायकलला दोन बाटल्या अडकवा आणि गाव आलं की भरून घ्या.

पाच दिवस कशासाठी म्हणते, तेही सांगते. कार्कासोनचा किल्ला तुम्ही बघणारच, त्याबद्दल लिहीत नाही. नोरूझला मात्र उतरा. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवरचा हा कालव्याचा माथा. इथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे. पिएर-पोल रिके याने डोंगरातले झरे वळवून इथपर्यंत आणले, तेव्हा कुठे कालवा शक्य झाला. १६८१ साली तो सुरू झाला, पण रिके आदल्याच वर्षी वारला होता.

आणि बेझियेच्या आधी मालपास नावाची टेकडी आहे, तिथे अर्धा दिवस काढा. कालवा टेकडीच्या पोटातून जातो. हा १६७९चा बोगदा. सायकल घेऊन टेकडीवर आँसेरूनच्या प्राचीन वस्तीपर्यंत चढा. चढ तीव्र आहे पण लांब नाही, उतरून ढकलली तरी चालेल. वरून खाली पाहिलंत की मोंतादीचं तळं दिसतं. तळं म्हणजे आता शेतंच. तेराव्या शतकात लोकांनी ते उथळ तळं उपसून कोरडं केलं. चर खणले ते सगळे काठाकडून मध्याकडे, आणि मध्यावर जमलेलं पाणी याच टेकडीखालून बोगदा मारून पलीकडे काढून दिलं. त्यामुळे शेतं त्रिकोणी पडली आहेत : सायकलच्या चाकाला आऱ्या असतात तशा बांधांच्या रेषा मध्यावर येऊन मिळतात. एका फाकेत पिवळं पडलेलं धान्य, शेजारच्या फाकेत हिरवं काहीतरी, मधूनच एक ट्रॅक्टर टोकाकडे निमुळता होत जाणारा पट्टा नांगरतोय आणि टोकाला त्याला वळायला जागा पुरत नाहीये. मी तिथे पाणी प्यायला थांबले आणि चांगला तासभर बसून राहिले. त्याच टेकडीखालून रेल्वेचाही बोगदा जातो. ताशी किलोमीटर मोजत गेलात तर हे सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल, अगदी शब्दशः, कारण तुम्ही खालच्या वाटेवर असाल.

वाऱ्याचं म्हणाल, तर पश्चिमेकडून येणारा सेर्स तुम्हाला ढकलत नेईल. आग्नेयेकडून ओताँ सुटला तर मात्र मान खाली घालून पायडल मारायचं. दिवस हातचे ठेवायला सांगते त्याचं हेही एक कारण.

सायकल हायब्रीडच घ्या, ४० मिलिमीटरच्या आसपासच्या टायरची. रोडबाइक पहिले पन्नास किलोमीटर आवडेल.

प्रश्न : माझ्या टायरवर ८० पीएसआय लिहिलं आहे. मी तेवढी हवा काटेकोर भरतो. तरी खडीच्या रस्त्यावर हात बधिर होतात, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

उत्तर : तरी नाही, म्हणूनच! तो आकडा कमाल मर्यादेचा आहे. त्याच्या वर जाऊ नका एवढंच तो सांगतो. टणक टायर खडीवर प्रत्येक दगडाला उडतो, तो धक्का हातात आणि पाठीत जिरतो, आणि वेगही घटतो. ४० मिलिमीटरचा टायर असेल, तर मध्यम वजनाच्या माणसाने ४५-५०पासून सुरुवात करावी आणि पुढे दोन-दोनने कमी करून पाहावं. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त हवा. फार कमी झाली तर ट्यूबच सांगते : दगडावर आपटून रिममध्ये चिमटली की शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं पडतात. तशी दिसली की थोडी वाढवा.

ती दोन बोटं बधिर होतात, कारण तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. खोगिराचं टोक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळा भार हातांवर येतो. ते सपाट करा. जेल ग्लोव्हज नंतर घ्या, आधी हे.

प्रश्न : लांबच्या प्रवासाआधी चेन बदलावी का? दुकानदार दर वेळी हो म्हणतो.

उत्तर : पट्टी लावा, विचारू नका. इंचांची पट्टी एका पिनच्या मध्यावर शून्य धरून चेनवर ताणून ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागाइतकी पुढे सरकली असेल तर चेन बदला. आठव्या भागापर्यंत गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असणार आणि नवी चेन त्यांवर उड्या मारेल. जागची हललीच नसेल तर पुसून तेल द्या आणि निघा.

प्रश्न : मुलाकडे ब्रिटनला जाणार आहे. नकाशात शेतांमधून भरपूर वाटा दिसतात. त्या सगळ्यांवरून सायकल नेता येते का?

उत्तर : इंग्लंडमध्ये नाही. ‘फुटपाथ’ असं दाखवलेली वाट फक्त चालणाऱ्यांची. ‘ब्राइडलवे’, म्हणजे घोडेस्वारांनाही मोकळी वाट, असेल तर १९६८च्या कायद्याने सायकल चालते, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बरीच मोकळीक आहे. तिथे शेतजमिनीतून जाताना जबाबदारीने वागणं एवढी अट, आणि उभ्या पिकात शिरायचं नाही. दोन्हीकडे वाटेत फाटकं लागतील. उघडं दिसलं तर उघडंच सोडा, बंद असेल तर मागे बंद करा. उघडं फाटक विसरलेलंच असतं असं नाही, पलीकडे जनावरांचं पाणी असू शकतं.

प्रश्न : पावसात शेतातल्या चिकणमातीत मडगार्ड असावं की काढून ठेवावं?

उत्तर : रस्त्यावर असावं, चिकणमातीत नसावं. माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. शेतांतूनच जायचं असेल तर घरीच काढून ठेवा. वाटेत अडकलात तर बारीक काटकीने माती उकरा, चिखल संपेपर्यंत सायकल गवताच्या कडेने ढकला, आणि पुन्हा बसण्याआधी ब्रेक पॅडवरची माती धुऊन काढा. तिच्यातली रेती रिम खाते.