उंचावर राहिलेले किनारे

प्रश्न: नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात असलेल्या स्वालबार्डच्या बेटांवर समुद्रापासून बऱ्याच उंचीवर व्हेलची हाडे सापडतात. पूर्वी समुद्र एवढा वर होता का?

उत्तर: नाही, बेटेच खाली दबलेली होती. हिमयुगातील बर्फाच्या भाराने खचलेले भूकवच बर्फ वितळल्यावर सावकाश वर येत गेले आणि त्या त्या काळचा किनारा गोट्यांच्या पायरीसारखा मागे उरला. कोंग्सोया बेटावर अशा पायऱ्या सुमारे १०० मीटर उंचीपर्यंत आहेत. त्यांवरील हाडे, शिंपले आणि सायबेरियातील नद्यांतून निघून बर्फासोबत आलेले ओंडके यांचे वय किरणोत्सारी कार्बनने ठरवले, की जमिनीच्या तुलनेत समुद्राच्या पातळीचा इतिहास उलगडतो. मला ओंडके अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण ते भरतीरेषेजवळ अडकतात. शिंपला मात्र खोल पाण्यातलाही असतो, शिवाय समुद्रातील जुन्या कार्बनमुळे त्याचे वय काही शतकांनी जास्त भासते.