“काही झालं तर?”

अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेच्या शिबिराचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. आईचा प्रश्न नेहमीचाच: “आम्ही याला इतकं जपतो, तरी हा असा भित्रा कसा?”

उत्तर त्या जपण्यातच होतं. झाडाखालून “सांभाळ, पडशील!” असं ओरडलं की मुलाचं लक्ष फांदीवरून आपल्या चेहऱ्याकडे वळतं. तो खाली येतो, धडधड थांबते आणि मनात पक्कं बसतं: उतरलो म्हणून वाचलो. भीती पोसली जाते ती अशी. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार अवजारं, आग-पाण्याजवळचा खेळ, दंगामस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. या मुलाच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नव्हतं.

सुरुवात एका झाडापासून केली. वाळकी, पोखरलेली फांदी बाबांनी आधी हेरायची, कारण तो धोका मुलाला कळत नाही. किती वर जायचं ते मात्र मुलानंच ठरवायचं. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. पाय फांदीच्या टोकाकडे नाही, खोडालगत ठेवायचा. गळ्यात काही नको. सायकलचं हेल्मेटही काढायचं, पट्टा अडकला तर फास बसतो. भीतीला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत शक्यतो तिथेच थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. बाबांनी कौतुकानं त्याला उचलून वरच्या फांदीवर बसवलं आणि तो तिथेच थिजला. स्वतः चढून न गेलेल्या जागेवरून उतरायची वाट पायांना ठाऊक नसते. पुन्हा छातीइतक्या उंचीच्या फांदीवर यावं लागलं. आईला काम एकच दिलं होतं: बोलण्याआधी मनात 20 आकडे मोजायचे, मग विचारायचं, “आता पाय कुठे ठेवणार?” खरं तर सगळ्यात अवघड काम तेच होतं, आणि तिनं ते नेटानं केलं.

शिबिराच्या आयोजकांना “सुरक्षित आहे ना?” असं विचारू नका, “हो”च ऐकायला मिळतं. त्याऐवजी हे विचारा: हवामान बिघडलं तर कार्यक्रम रद्द कोण करतं? दोर बांधल्यावर दुसरं कोण तपासतं? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर? या आई-वडिलांना तिन्ही उत्तरं नीट मिळाली. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, यावर मात्र गुळमुळीत बोलणं झालं. पाण्यातला तेवढा खेळ त्यांनी वगळायला सांगितला. बाकी शिबिराला मुलगा गेला.